कुंकू लावलेली पाचशेची नोट

त्या दिवसांत पाचशेची नोट घरात पाहुण्यासारखी यायची. पगार शंभराच्या नोटांत होई, पाचशेची दिसली तर दिवाळीच्या बोनसात. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, सानपाड्याच्या नव्या फ्लॅटमध्ये, तशी एक कोरी नोट आम्ही लक्ष्मीपूजनाला पाटावर ठेवली. हळदकुंकू वाहायचं म्हटल्यावर मी विचार केला: गांधीजींच्या तोंडावर कसं लावायचं? म्हणून बाजूच्या पांढऱ्या, कोऱ्या जागेवर ओलं बोट टेकवलं. सासूबाई खूश झाल्या. "ही मोडायची न्हाई," म्हणाल्या आणि ती देव्हाऱ्यात ठेवून दिली.

सासूबाई साताऱ्याकडच्या. त्यांना दमा होता, आणि इथे आल्यापासून तो वाढला होता. नवरा तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर जायचा. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे आणि त्याचा मला भलता अभिमान होता. घरी, बाजारात, रिक्षात, जिथे तिथे मी हक्क आणि कर्तव्यं सांगत फिरे. नवरा म्हणायचा, हिच्या नादी लागू नका, फळा घेऊन येईल.

पुढच्या वर्षी, महिनाअखेरीच्या एका सकाळी, दहाच्या सुमारास सासूबाईंना धाप लागली. तोंडात ओढायचा पंप नेमका संपलेला. नवरा पहिल्या पाळीला गेलेला, डब्यात चिल्लर तेवढी. मी देव्हाऱ्यातली नोट उचलली, त्यांना खिडकीशी उशीला टेकवून बसवलं आणि खाली धावले. आमच्याच इमारतीत, बरोबर आमच्या खिडकीखाली, नुकतंच औषधांचं दुकान उघडलं होतं. दुकानदार आम्हाला ओळखत नव्हता.

त्याने पंप काढला, नोट उजेडाला धरली आणि पंप परत मागे ठेवला.

"मॅडम, पाचशेची नाय घेत आपण. नकली लय फिरतात. आणि हे लाल काय? वॉटरमार्कच दिसत नाय."

मी ज्या कोऱ्या जागेवर कुंकू टेकवलं होतं, तिथेच नेमकी ती उजेडात दिसणारी खरेपणाची खूण होती.

"पूजेतली नोट आहे. लक्ष्मी म्हणून पूजलेली नोट खोटी असेल का?"

"मला टेन्शन नको मॅडम. सुट्टे आणा."

एवढ्यावर गप्प बसले असते तर ती मी कसली! "ही सरकारची नोट आहे," मी सुरू केलं. "यावर वचन लिहिलंय, सही आहे. देशात कुठेही चालली पाहिजे. तुम्हाला नाही म्हणायचा अधिकार कुणी दिला?" तो म्हणाला, दुकान माझं आहे. मी म्हटलं, देश तुमचा एकट्याचा नाही. दोघेतिघे थांबून ऐकू लागले, एकाने मान डोलावली, आणि मला चेव चढला. आवाज वर्गातल्यासारखा खणखणीत लागला. तक्रार करीन म्हणाले, कुठे करायची तेही सांगितलं. वर एक म्हातारी श्वासासाठी तडफडतेय, एवढं एक वाक्य मात्र मी बोलले नाही. बोलले असते तर त्या माणसाने पंप तसाच हातात दिला असता. तो दुष्ट नव्हता, फसवला जाऊन घाबरलेला होता.

कोपऱ्यावर म्हावरं, म्हणजे मासळी, विकणारी जुन्या सानपाडा गावातली एक बाई उठून आली.

"बाय, कवरा वेल बोलशील? आन ती नोट इकरं. माज्याकरं सुटं हाय."

"बघून घ्या हो, तो म्हणतो खोटी आहे."

"कुकू लावलेली नोट कोन खोटी ठेवल?" तिने नोट न उलगडता कमरेच्या पिशवीत टाकली आणि शंभराच्या ओलसर नोटा मोजून दिल्या.

वर गेले तेव्हा सासूबाई उशीवरून घसरून आडव्या झाल्या होत्या. ओठ निळसर पडले होते. दोनदा पंप दिला, पाठ चोळली, शेजारणीने डॉक्टरांना आणलं. जीव वाचला. आणखी पाच मिनिटं गेली असती तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. पंधरा मिनिटं मी खाली उभी होते.

संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधले बँकेतले गृहस्थ चौकशीला आले. चहा देता देता मी त्यांना काय विचारलं असेल? दुकानदाराला नोट नाकारता येते का!

"नोट चलनी आहेच वहिनी," ते म्हणाले, "पण माझ्या समजुतीप्रमाणे माल देऊन झाला आणि पैसे यायचे राहिले, तरच तो नोटेला नाही म्हणू शकत नाही. वस्तू विकायचीच की नाही, हे आधी तो ठरवू शकतो."

"असं कसं? मग त्या वचनाला अर्थ काय?" माझा आवाज पुन्हा चढला.

आतून सासूबाईंनी हाक मारली. मी पलंगाशी गेले. त्यांनी माझा हात धरला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पोरी, खिडकी उघडीच व्हती. तुजं समदं ऐकू येत व्हतं. तुजंच खरं व्हतं गं," त्या थांबत थांबत म्हणाल्या. "म्या वाट बघत व्हते, आता थांबशील, मग थांबशील. हाक मारायला दम न्हवता."