कायमची सोवळी

हेब्बाळच्या तळ्याच्या बांधावर मी पहाटे पळायला जायचे, तेव्हा तिथे माणसांपेक्षा बगळेच जास्त असत. नव्वदीची सुरुवात होती. मी लांब पल्ल्याची धावपटू. राज्याच्या संघात निवड व्हावी, एवढंच वेड डोक्यात होतं. सकाळ-संध्याकाळ पळायचं आणि वजन वाढू नये म्हणून खायचं चिमणीएवढं.

त्या हिवाळ्यात माझी पाळी थांबली. बरोबरच्या थोरल्या मुलींनी पाठ थोपटली. "सुटलीस बाई! आता तू खरी धावपटू." मलाही पदक मिळाल्यासारखं वाटलं.

घरी तर आनंदीआनंदच झाला. आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या बेंगळुरात मुरलेलं. बोलणं निम्मं कन्नड, पण सोवळं मात्र कडकडीत. पाळी आलेल्या बाईनं मागच्या खोलीत वेगळ्या चटईवर बसायचं, कुणाला शिवायचं नाही. आई, काकू, वहिनी, कुणी ना कुणी त्या खोलीत असायचीच, त्यामुळे सणावारी नैवेद्य कोण रांधणार याचा घोर. मी लपवते की काय, असं आईनं आधी खोदून खोदून विचारलं. खात्री पटल्यावर काकूला म्हणाली, "अक्का, देवीनंच आपली सोय केली बघा."

पुढच्या नवरात्रात सगळा नैवेद्य माझ्याकडे आला. पळून यायचं, अंघोळ करून ओलेत्यानं रांधायचं आणि वर उपास. "स्वल्प दूध तरी घे गं," आई म्हणायची. मी कुठली घेते! घरात एवढा मान कधी मिळाला नव्हता, मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसले होते.

मग दुखणी मागे लागली. घसा सुजायचा, तोंड यायचं, एक ताप उतरतो न उतरतो तोच दुसरा. आईनं दृष्ट काढली. मी तापातही पळत राहिले आणि निवड चाचणीच्या शेवटच्या फेरीत जांघेत कळ येऊन खाली बसले. हाडाला चीर गेली होती.

डॉक्टरबाईंनी पाळीचं विचारलं आणि आईनं कौतुकानं सांगितलं. बाई भडकल्याच. "ही उपाशी पळतेय. शरीराला वाटतंय दुष्काळ पडलाय, म्हणून त्यानं पाळीचे हार्मोन बंद केलेत. ते नाहीत म्हणून हाडं ठिसूळ झाली. ताणाचे हार्मोन सारखे चढलेले, मग रोगाशी लढायला ताकद कुठून उरणार? पाळी परत येते का बघू. नाहीच आली तर पुढे मूलबाळही अवघड आहे." आई खाली मान घालून ऐकत होती. मला पळायला शिकवणाऱ्या सरांचा, देवीचा, सगळ्यांचाच संताप आला.

पळणं संपलं. कुबड्या, गोळ्या, पोटभर भात. हाड वाकडंतिकडं जुळलं, पण पाळीचं नाव नाही. आई रोज सकाळी माझ्या तोंडाकडे बघायची आणि मी नाही म्हणून मान हलवायचे. असं वर्षाच्या वर गेलं.

पाळी आली त्या सकाळी मी लंगडतच स्वयंपाकघराकडे धावले. आई पूजेची फुलं निवडत होती. "आई, आली!" म्हणत मी दोन्ही हात पसरले.

ती झटकन भिंतीला सरकली. "लांब, लांब! शिवू नको."

मग तिला रडू फुटलं. पदर तोंडाला लावून ती कितीतरी वेळ हुंदके देत राहिली, पण भिंतीपासून हलली नाही.