धाप

नईम आणि मी एकाच खोलीत राहतो, दोघे रत्नागिरीकडचे एसी मेकॅनिक. त्याच्या तोंडात कायम सिगरेट; मी कधी सुपारीही खाल्ली नाही. तरी हृदयाचा स्नायू माझाच कमजोर निघाला.

डॉक्टर म्हणाले, पेशी प्राणवायू वापरतात तेव्हा फ्री रॅडिकल नावाचे कण तयार होतात. ते आवरले नाहीत की पेशी आतून गंजतात, आणि सिगरेटने ते वाढतात. नईमचा रिपोर्ट मात्र साफ. माझ्या पोटात दुखलं.

खाऱ्या वाऱ्यात एकाच गच्चीवरचा एक एसी सडतो, शेजारचा चालतो. गिऱ्हाइकाला मी सांगायचो, नशीब तुमचं.

आता माझी हत्यारांची पेटी तोच वर नेतो, सिगरेट न विझवता. वरून म्हणतो, "सावकाश ये रे."

मी जिन्यात थांबून कान देऊन ऐकतो, आज तरी त्याला धाप लागली का.