दिवस मावळल्यावरची गोळी

कबनूरच्या अक्काताईंचा आवाज यंत्रमागांच्या खडखडाटातही चार घरं पलीकडं ऐकू जायचा, आणि बोलणंही तसंच, रोखठोक. प्रियदर्शनीला फिट येते हे ठाऊक असूनच त्यांनी तिला सून करून आणली. आजार आहे, त्यावर औषध आहे, विषय संपला, असं भावकीला सांगूनही टाकलं.

भावकीला विषय संपवायचा नव्हता. लग्नाला दोन वर्षं झाली, एकदाही फिट आली नाही, तरी दर तीन महिन्यांनी अक्काताई सुनेला घेऊन शाहूपुरीतल्या डॉक्टरांकडं दाखवायला निघायच्याच. पुतण्याचा साखरपुडा नेमका त्याच तारखेला आला, तर बाई साखरपुडा सोडून एस.टी.त बसल्या. पोरगी बरी झाली, आता कसले हेलपाटे, असं शेजारच्या बनाबाईंनी विचारलं, तेव्हा अक्काताईंनी मागाकडं बोट केलं. "त्यो नीट चालतोय म्हणून तेल घालायचं सोडतीस व्हय?" खरं सांगायचं तर अशी सासू नशिबानंच मिळते.

यंदा प्रियदर्शनीला पाचवा महिना लागला. गरोदरपणात औषधाचं रक्तातलं प्रमाण बदलतं, तपासणी चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेवढ्यात भाद्रपदात जैनांचं व्रत-उपासाचं दशलक्षण पर्व आलं. दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, हा अक्काताईंचा बारा महिन्यांचा जुना नेम. एरवी प्रियदर्शनी रात्री गोळी घ्यायची, पण पर्वाच्या पवित्र दिवसांत त्यांच्या डोळ्यांदेखत पाणी प्यायची तिला लाज वाटली. बाळाच्या नावानं तिनंही रात्रीचं पाणी सोडलं आणि पाण्यासोबत गोळीही सुटली. फिट काही आली नाही, म्हणून देवानं सांभाळलं असं तिला वाटलं.

पर्व संपल्यावर तपासणीची तारीख होती. रिपोर्टमध्ये रक्तातलं औषध कमी दिसलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चुकल्या का? तिनं मान हलवून नाही म्हटलं. मग डोस वाढवायला हवा, म्हणत त्यांनी पेन उचललं. खोटं रेटावं तर बाळाला नको तेवढं औषध जाणार, खरं सांगावं तर सासू शेजारीच बसलेली.

"पर्वात रातची गोळी घेतली न्हाय मी," ती कशीबशी म्हणाली.

डॉक्टर रागावले नाहीत. गोळी अशी अचानक तोडली तर फिट जोरात उलटते आणि दोन्ही जिवांना धोका होतो, असं त्यांनी समजावलं. डोस आहे तोच ठेवला, रक्त पुन्हा तपासायला लवकर बोलावलं. आधी विचारलं असतं तर नेम सांभाळून वेळा बसवून दिल्या असत्या, असंही म्हणाले. अक्काताईंनी रिपोर्ट पिशवीत कोंबला आणि सुनेच्या पुढं चालू लागल्या. प्रियदर्शनीला रडू येत होतं.

परतीच्या वाटेतच दिवस मावळला. समोरच्या बाकावर बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, रोज भेटणाऱ्या आणि तोच नेम पाळणाऱ्या दोघी बायका बसल्या होत्या. गोळीची वेळ झाली, पण प्रियदर्शनीचा हात पिशवीकडं जाईना. अक्काताईंनीच गोळी काढली, पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "घे की. पाप लागलं तर माझ्या नावावर लागू दे."

समोरच्या दोघी बघत राहिल्या. अक्काताईंनी बाटली सुनेच्या तोंडाला लावली, आणि गोळी घशाखाली उतरेपर्यंत हात खाली घेतला नाही.