हिरडे सरांचा संशय

पेशंट "येतो सर" म्हणून जिना उतरायला लागला, की हिरडे सर खुर्चीतून उठायचे आणि खिडकीचा पडदा बोटभर सरकवून खाली बघत उभे राहायचे. शेवगावच्या स्टँडजवळ, बियाण्याच्या दुकानावर आमचा फिजिओथेरपीचा दवाखाना. खाली रस्ता. पेशंट रस्ता ओलांडून दिसेनासा होईपर्यंत सर जागचे हलायचे नाहीत. पहिल्या दिवशी मला वाटलं, हा माणूस लोकांवर पाळत ठेवतो. दुसऱ्या दिवशी खात्री पटली.

"पेशंट खोलीत चालतो ते आपल्याला दाखवायला," सर म्हणाले. "रस्त्यावर चालतो ते स्वतःचं. तुला कुठलं बघायचंय?"

एकदा साखर कारखान्यातला एक जण आला. कमरेतून कळ निघते, उजवा पाय उचलत नाही, हलकं काम मिळेल असं काहीतरी लिहून द्या म्हणाला. पाय ओढत, कण्हत गेला. मला बिचाऱ्याची दया आली. सरांनी मला खिडकीशी बोलावलं. खाली त्या गड्याने त्याच उजव्या पायाने मोटरसायकलला अशी सणसणीत किक मारली, की एका फटक्यात गाडी सुरू. पुढच्या खेपेला सर त्याच्या कमरेला शेक लावता लावता अगदी काळजीने म्हणाले, "गाडीला सेल्फ बसवून घ्या की. पायाला लई ताण पडत आसंल." तो गडी पुन्हा काही आला नाही.

पण सरांचा संशय एकतर्फी नव्हता, हेही सांगायला पाहिजे. पाथर्डीकडची एक बाई ऊसतोडीला जायच्या आधी आली होती. तिचा गुडघा सुजलेला. दोन-चार दिवस शेक झाल्यावर हसत म्हणाली, "आता कायबी दुखत न्हाई बघा." मी खूष. सर खिडकीशी. खाली पोचल्यावर बाई दुकानाच्या पायरीवर मटकन बसली आणि गुडघा दोन्ही हातांनी दाबत राहिली. "जा, घेऊन ये तिला वर," सर माझ्यावर खेकसले. "दुखतंय म्हणणाऱ्यावर एकदा संशय घे, दुखत न्हाई म्हणणाऱ्यावर दोनदा."

हिरडे सर मूळचे काष्टीचे. उंच, काळेसावळे, पांढऱ्या कोटाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली. शिकवताना पुस्तकी मराठी बोलायचे आणि चिडले की काष्टीत पोचायचे. माझ्याशी ते बहुतेक काष्टीतूनच बोलत. त्यांचा मशीनवर विश्वास नव्हता, एक्स-रेवर नव्हता, आणि माझ्यावर तर मुळीच नव्हता. चार वर्षांची डिग्री, वर सहा महिने इंटर्नशिप, एवढं सगळं करून मी कोल्हारहून इथे आले होते. पण एकही पेशंट त्यांनी मला एकटीला बघू दिला नाही. मी हात लावला की मागून त्यांचा हात यायचा. "उठ. तू नुसती चोळतीयस. बोटांना काय लागलं ते सांग आधी."

एकदा मी पुण्यात सुया टोचायच्या उपचाराचं दोन दिवसांचं शिबिर करून आले. सर्टिफिकेट फ्रेम करून आणलं, रंगीत, सोनेरी काठाचं. सरांनी ते चष्मा वर करून बघितलं, खाली करून बघितलं. "दोन दिवसात हात शिकतो व्हय? भिंतीला लाव. भिंतीचं दुखणं तरी थांबंल." मला इतका संताप आला की मी त्या दिवशी डबासुद्धा खाल्ला नाही.

माझ्या वर्गातली एक मुलगी कॅनडाची परीक्षा देत होती, दुसरीने नगरला स्वतःची पाटी लावली होती. आई रोज फोन करायची. "शिकून डाक्तरीन झाली ना तू? मग आजून त्या मानसाच्या मागंच का हुभी?" आमच्याकडे पेशंटची नावं लिहून घ्यायला मंदाताई होत्या. त्यांच्याकडे याचं उत्तर होतं. "भेतोय गं तो. तू समोरच दुकान टाकशील, सगळे पेशंट नेशील. तुला मोकळं सोडनार न्हाई, लिवून ठेव." मलाही ते पटायला लागलं. सर बारीक नजरेने माझ्याकडे बघायचे, मीही बारीक नजरेने त्यांच्याकडे बघायला लागले. दोघांचा दिवस एकमेकांवर लक्ष ठेवण्यात जायचा.

आणि मग दिवाळीनंतर अचानक सर बदलले. "अश्विनी, हा खांदा तू घे." खांदा झाला, मान झाली, गुडघे झाले. स्वतः मात्र कोटाच्या खिशात हात घालून बाजूला उभे. मी हरखून जायला हवं होतं, पण मी दोन वर्षं कुणाच्या हाताखाली काढली होती! माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली ती हीच, की हा माणूस मला फुकट राबवून घेतोय. दुसरी, की मी चूक करायची वाट बघतोय, म्हणजे घालवायला निमित्त मिळेल. मंदाताईंनी डोळे बारीक केले. "मानूस आसा एकदम बदलत न्हाई. कायतरी डाव हाय."

मग मी डाव शोधायला लागले. सर चहाचा कप डाव्या हाताने उचलत होते. तेलाच्या बाटलीचं झाकण मंदाताईंकडे उघडायला देत होते, तेही फोनवर बोलत असल्याचं सोंग करून. कोटाची बटणं उघडीच असायची. एकदा रजिस्टरवर सही करायला त्यांनी खिशातून उजवा हात काढला आणि मला दिसलं. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये जो मांसाचा उंचवटा असतो, तो बसला होता. तिथे खळगा पडला होता. असे हात आम्ही पुस्तकात बघितलेले असतात.

दुपारचे पेशंट संपले, मंदाताई जेवायला गेल्या. मी म्हणाले, "सर, हात दाखवा."

"कशाला?"

"संशय आहे."

सर माझ्याकडे बघत राहिले. मग पेशंटच्या पलंगावर जाऊन बसले आणि हात पुढे केला.

स्नायूच्या ताकदीला आम्ही पाचपैकी गुण देतो. पाच म्हणजे धडधाकट. तीन म्हणजे अवयव स्वतःचं वजन कसाबसा उचलतो, पण वरून जरा दाबलं की पडतो. शून्य म्हणजे काहीच नाही. आता खरं सांगते, दाबणाऱ्याच्या हातात सगळं असतं. मी जरा हलकं दाबलं असतं तर चार देता आले असते. हलकं दाबावं असं फार वाटलं मला. सर माझ्या तोंडाकडे बघत नव्हते, माझ्या दाबणाऱ्या बोटांकडे बघत होते.

"किती?"

"तीन."

सरांनी हात परत खिशात घातला. मग सर म्हणाले, "चार म्हणाली असतीस, तर उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं असतं."

"सर, सांगितलं का नाहीत? किती दिवस झाले?"

"आगं, मला वाटलं मीच नाटक करतोय. म्हटलं, ह्या हिरड्याला कामाचा कंटाळा आलाय, म्हणून हात दुबळा झाल्याचं सोंग आणतोय." हे सांगताना ते हसले, आणि मी त्यांच्यासमोर ढसाढसा रडले. "रडू नको. उद्यापासून पेशंट तू बघायचे. एकटीनं. मी बाहेर बाकावर बसतो."

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मज्जातंतूंचा आजार आहे, स्नायू वाळत जाणार, औषध नाही. सरांचा विश्वास बसला नाही. दुसरा डॉक्टर गाठला, त्यानेही तेच सांगितलं. "दोघं एकाच कॉलेजचे निघाले," परत आल्यावर सर म्हणाले. "संगनमत आसंल."

ते बाकावर बसेनासे झाले, तेव्हा दवाखाना आटोपला की मी त्यांच्या घरी जायला लागले. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, खाटेशेजारी स्टूल ठेवायच्या. मी सांधे फिरवायची, आखडू नयेत म्हणून. त्यातही संशय होताच. "माझी दया येती म्हणून शेवगावात राह्यलीस का? तसं आसंल तर बघ. कॅनडाला जा सरळ."

"नाही सर. पेशंट भरपूर आहेत म्हणून राहिले."

"पेशंट काय कॅनडात न्हाईत?"

दर सोमवारी मी ताकद तपासायची आणि दर सोमवारी ते विचारायचे, "किती?" मी दोन म्हटलं की भांडायचे. "तुझा हात दमलाय. दिवसभर पेशंट केलेत. परत बघ." मी परत बघायची. "आता?" "दोनच सर." पुढे एक झालं, तेव्हाही भांडले. काकू म्हणायच्या, अहो, पोरीला घरी तरी जाऊ द्या. पण मला ते भांडण बरं वाटायचं. भांडतायत म्हणजे सर अजून सर आहेत, असं वाटायचं.

शेवटच्या त्या सोमवारी मी उजवा हात तपासला. खांद्यापासून बोटांपर्यंत कुठेच काही लागलं नाही. हात खाली ठेवला आणि प्रश्नाची वाट बघत बसले. सर आढ्याकडे बघत होते. आवाज तोवर फार खोल गेला होता.

"सर, विचारलं नाहीत?"

"कशाला?" ते म्हणाले. "तू बघितलंस ना."

एवढ्या एका वाक्यासाठी मी किती वर्षं झुरले होते! आणि आता ते कानावर पडल्यावर असं वाटलं, की सरांचे खांदे गदगदा हलवावेत आणि म्हणावं, भांडा, परत बघ म्हणा, माझा हात दमलाय म्हणा. काकू दारात उभ्या होत्या. त्यांना काहीच सांगायची गरज नव्हती.

सरांनी डोळे मिटून घेतले होते. आता माझ्या बोटांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मी स्टूल पलीकडे नेलं, त्यांचा डावा हात हातात घेतला आणि पहिल्यापासून नीट तपासायला सुरुवात केली.