कॅचरच्या हातून सुटलेले बॉल

"यादीत आमचा कॉल दुसरा कसा?" बॅरीने काउंटरवर हात ठेवून विचारलं.

वॉलॉंगॉंगच्या एका लायब्ररीत मी जुने कागद डिजिटाइझ करते. तेव्हा हातात बेसबॉलची स्कोअरबुकं होती. इथल्या खेळाडूंना नुकताच पगार मिळू लागला होता, त्या दिवसांतल्या एका सीझनची. सर्वाधिक स्ट्राइकआउट घेणाऱ्या पिचर्सची यादी क्लबला हवी होती. शनिवारी ती क्लबहाउसच्या बोर्डवर रंगवायची होती. पिचर म्हणजे बॉल टाकणारा. बॅटरचे तीन स्ट्राइक झाले, म्हणजे साधारण तीन बॉल हुकले, की पिचरच्या नावावर स्ट्राइकआउट, आणि वहीत K.

मला ते काम फार आवडायचं. खिडकीबाहेर समुद्र, टेबलावर पेन्सिलच्या फिकट खुणा. बघता बघता दुपार विरघळायची आणि मी त्या जुन्या उन्हात बाकावर जाऊन बसायचे. लहानपणी पुण्यात बाबांशेजारी बसून क्रिकेटचं स्कोअरबुक लिहायचे, तशीच तंद्री लागायची.

त्या तंद्रीतच घोळ झाला. काही ठिकाणी K होता, पण बॅटर आउट न होता फर्स्ट बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, पोचलेला. आउटच नाही तर विकेट कसली? स्कोअररला डुलकी लागली असेल, असं म्हणत मी ते K खुशाल गाळले.

सत्तरीचा बॅरी त्या टीमचा कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा. कॉल त्याचा पिचर आणि जिवलग मित्र. गेल्या हिवाळ्यात वारला. माझं म्हणणं बॅरीने शांतपणे ऐकून घेतलं. मग समजावलं, की तिसरा स्ट्राइक कॅचरने पकडला नाही तर बॅटर पळून बेस गाठू शकतो. तरी स्ट्राइकआउट पिचरचाच.

"बॉल माझ्या हातून सुटले," तो म्हणाला, "शिक्षा त्याला का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशीच निखिलकडे गेले. बॉस असला तरी तोही मुंबईच्या मैदानांवर वाढलेला, क्रिकेटवालाच.

"अगं, पेंटरला लिस्ट गेली पण. आता काय सांगू त्याला?"

"चूक माझी आहे म्हणून सांग. पण थांबव."

मग बॅरी आणि मी एकेक पान उलटत बसलो. गाळलेला K सापडला की तो सबब सांगायचा. इथे ऊन डोळ्यांवर होतं. इथे माशी आली. तो बोलत होता तेव्हा मला ते मैदान खरंच दिसत होतं. कॉलचा आकडा पहिल्या नंबरच्या बरोबरीला आला आणि एकच K उरला. बॅरीने त्या खुणेवर बोट ठेवलं.

"हा मात्र सरळ हातात आला होता, तरी सुटला," तो म्हणाला. "कॉल तेव्हा काहीच बोलला नाही."

त्याच K ने कॉल पहिला आला.

शनिवारी बोर्ड लागला. बॅरीने यादीची प्रत घेतली नाही, त्या शेवटच्या K च्या पानाची मागितली. मी तेवढंच शिकले, की दुसऱ्याच्या वहीतली चूक सुधारण्याआधी खेळ कोणता चाललाय ते विचारून घ्यावं.