सुई सापडली, मशीन गेलं

आमच्या घरात एकाच माणसाला मशीनशिवाय ऐकू येत नाही, आणि घरात सगळ्यात नीट ऐकते तीच. ती म्हणजे माझी मुलगी गौरी.

तीन वर्षांची असताना तिचं ऑपरेशन झालं. एक भाग आत कायमचा. बाहेर कानामागे मशीन आणि डोक्याला लोहचुंबकानं चिकटणारी गोल चकती; ती काढली की तिला सगळं शांत. नांदेडच्या थेरपीवाल्या बाई म्हणाल्या, "पोरीशी सतत बोलत राहा." मी डाळमिलवाला, मिलच्या खडखडाटात ओरडूनच बोलायची सवय. बाईंचा आदेश मी असा पाळला की आज गौरी सोळाची झाली, तरी मी थांबलेलो नाही!

परवा इथल्याच, लातूरच्या एका क्लासच्या सरांचा फोन आला. "एका खोलीत दोनशे पोरं बसतात. तुमच्या मुलीला झेपणार नाही. तरी उद्या अकराला आणा, बघतो."

बघतो? म्हशींचा बाजार आहे का हा? तेरा वर्षं पोरीनं एकेक शब्द घासून कमावला, आणि हा गृहस्थ तिला न बघताच नापास करतो! रात्रभर मी धुमसत होतो. सकाळी कपाळाला भस्म लावतानाही सरांशी मनातल्या मनात भांडत होतो (देवा, माफ कर).

दहा वाजता गौरी ओरडली, "डब्यात मशीन न्हाई!"

ओल धरू नये म्हणून रात्री आम्ही ते एका डब्यात ठेवतो. डबा रिकामा! आज मशीन नाही म्हणजे सरांपुढे पोरगी गप्प, आणि सर म्हणणार, "बघा, मी म्हणालो नव्हतो?"

"कुणी हात लावला?" मी विचारलं. (मी विचारलं की गल्लीतली कुत्री उठतात.)

"मी कशाला लावू?" बायको सुमन म्हणाली. "सकाळधरनं घरभर तुमीच हुडकायलाव!"

"मी अव्वाची सुई हुडकत होतो!" (अव्वा म्हणजे माझी आई.)

मग मी पिठाचा डबा उपसला, केराची बादली पालथी केली, पलंगाखाली शिरलो. गौरी मागून सदरा ओढत होती. मी फिरलो आणि तिच्यावरच घसरलो. "घोडी झालीस! एक वस्तू सांभाळता येत न्हाई? तिकडं तो सर टपून बसलाय!" चांगली दहा मिनिटं झाडली. पोरगी शांतपणे बघत होती.

"अवो," सुमन म्हणाली, "तिच्या कानाला मशीन न्हाई. कुणाला बोलायलाव?"

म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, जास्त मोठ्यानं!

शेवटी गौरीनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "आप्पा, कंबरंला बघा."

कमरेला मिलच्या किल्ल्यांचा जुडगा. त्याला चकती चिकटलेली, आणि सदऱ्याखाली मशीन लोंबकळत होतं. मी पलंगाखाली वाकलो तेव्हाच तिनं ते बघितलं होतं.

"काखेत कळसा..." अव्वानं सुरुवात केली.

"अव्वा, फुडचं नगं."

झालं होतं असं. पहाटे अव्वाची सुई वाकळीत हरवली. मिलमध्ये डाळीतले खिळे काढायला आम्ही लोहचुंबक फिरवतो. घरात लोहचुंबक कुठला? गौरीचा! एका फेरीत सुई काढली, स्वतःलाच शाबासकी दिली, मशीन टेबलावर ठेवलं. शेजारीच किल्ल्या होत्या. जुडगा उचलून कमरेला लावला, न बघता. बघायला सवड कुठे, मी सरांशी भांडत होतो ना!

अकराला क्लासात पोचलो. सरांनी गौरीला शेवटच्या बाकावर बसवलं, पाठ फिरवून फळ्याकडे तोंड केलं आणि प्रश्न टाकला. वर पंखा खडखडत होता. गौरीनं उत्तर दिलं. दुसरा प्रश्न, दुसरं उत्तर. सर वळले.

"एवढ्या आवाजात कळलं कसं?"

"सर, मी आप्पांच्या घरात ऐकायला शिकले. तुमचा वर्ग लई शांत हाय."

माझा ऊर भरून आला आणि त्याबरोबर तोंडही सुटलं. "फोनवरच पोरीला नापास करता? ऐकू येत न्हाई कुणाला, तिला का तुमाला?" शेजारच्या वर्गातली पोरं दारात जमली.

सरांनी फॉर्मवर सही केली. "माझं चुकलं. प्रवेश पक्का. फक्त पालकसभेला आईला पाठवा."

मी पुन्हा तोंड उघडलं. गौरीचा हात चकतीकडे गेला.

मी तोंड मिटलं.