कानातला फाया

माझे काका कानात अत्तराचा फाया ठेवल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. वाटाण्याएवढा कापसाचा बोळा शिशीत बुडवायचा आणि उजव्या कानाच्या वरच्या घडीत दाबायचा. बुऱ्हाणपुरात त्यांच्या वयाची अशी बरीच माणसं आहेत. वास दिवसभर टिकतो. बोळा संध्याकाळी काळपट, तेलकट होतो आणि ते तो खिडकीच्या कठड्यावर चिकटवून ठेवतात. मला तो कठडा पाहवत नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी त्यांच्या मुलीला, म्हणजे माझ्या चुलत बहिणीला, पाहायला पाहुणे येणार होते. भेट इच्छापूरला ठरली, देवीच्या दर्शनाच्या निमित्ताने. मुलाचे वडील मूळचे महाराष्ट्रातले, इकडे कागद कारखान्यात नोकरीला. याआधी दोन स्थळांनी नकार दिला होता. या वेळी मुलगा बहिणीला स्वतःलाच आवडला होता. दोघं फोनवर बोलत होते, आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक असून कोणी बोलत नव्हतं. तिच्या दृष्टीने सगळं त्या एका दुपारवर अवलंबून होतं.

काका माझ्या गाडीत बसले. काकू आणि बहीण दुसऱ्या गाडीत होत्या. शहर सुटेपर्यंत आत लवंगेसारखा उग्र वास भरला, आणि त्याखाली दवाखान्यातला वाटावा असा काहीतरी.

"आप्पा, अत्तर नवीन आहे का?"

"कन्नौजचं आहे. तुम्हा पोरांना काय समजतंय!"

मुलगा आणि त्याचे आईवडील आधीच पोहोचले होते. दर्शन झालं. टेकडीच्या पायथ्याशी, एका पेरूच्या बागेला लागून, सतरंजी टाकली. काकूंनी शिऱ्याचा डबा उघडला. बाग पिकलेली होती. खाली पडलेले पेरू फुटून आंबले होते आणि त्यांचा वास शिऱ्याच्या वेलचीत मिसळत होता.

पहिली माशी काकांच्या कानावर बसली तेव्हा कोणाचं लक्ष नव्हतं. घरातल्या माशीएवढीच, पण तपकिरी-पिवळी, कमरेत बारीक, गांधीलमाशीच्या पिल्लासारखी. मग दुसरी आली. काकांनी हात झटकला. मग मोजण्याचा प्रश्नच उरला नाही. कानाच्या घडीत, पाळीवर, मानेवर त्या एकमेकींना रेटत बसल्या. त्या चावत नव्हत्या. सोंड टेकवून चाटत होत्या. काकांनी फाडकन कानावर मारलं. दोन चिरडल्या, पिवळट पाणी गालावर ओघळलं. ते त्यांनी तळहाताने पुसलं आणि त्याच हाताने शिऱ्याची ताटली मुलाच्या आईपुढे धरली.

"घ्या ना ताई."

बाईंनी ताटली घेतली नाही. त्यांनी आधी कानाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"भाऊ, कान वाहतो का तुमचा?"

"काय?"

"नाही, माश्या अशा उगीच बसत नाहीत. पू असला म्हणजे बसतात. आमच्या गावात एकाच्या कानात अळ्या पडल्या होत्या."

"अहो, अत्तर आहे हे!"

"अत्तरावर माश्या? पहिल्यांदा ऐकून राहिले."

मुलाचे वडील पायांत चपला शोधू लागले. काकू पदर तोंडाशी धरून बसल्या. घराण्यात कानाचा रोग आहे ही बातमी संध्याकाळपर्यंत कुठे कुठे पोहोचेल, हे तिथल्या प्रत्येकाला समजलं होतं. काका पुन्हा कानावर मारायला लागले.

बहीण उठली. खाली मान घालून बसायचं असतं, ते तिने सोडलं. वडिलांच्या कानाजवळ नाक नेऊन हुंगलं आणि फाया चिमटीत धरून बाहेर काढला.

"आप्पा, दरवाजाजवळच्या फळीवरची शिशी घेतली तुम्ही?"

"हो. का?"

"ती माझी आहे. सापळ्याची."

शाहपूरच्या शेतात केळीच्या कडेला आमची थोडी पेरूची झाडं आहेत. त्यांवर ती फळमाशीचे सापळे टांगते. फाया तिने स्वतःच्या तळहातावर ठेवला. माश्या कान सोडून तिच्या हातावर आल्या आणि तिथे चाटू लागल्या. तो हात तिने मुलाच्या आईसमोर धरला.

"मावशी, बघा. कान साफ आहे. या सगळ्या नर आहेत. हा वास त्यांना लागतो. हे चाटल्यावर त्यांच्या अंगाला जो वास येतो, त्याला मादी भुलते."

"म्हणजे लग्नाआधी अत्तर लावून राहिले हे?"

"तसंच समजा."

"मग भाऊंचं काय चुकलं?" बाई म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या. काका हसले नाहीत.

मुलगा पुढे सरकला. त्याने आपला हात बहिणीच्या हाताशेजारी धरला. एक माशी चालत त्याच्या बोटावर गेली. त्याच्या चेहऱ्यावर किळस स्पष्ट होती, पण त्याने ती झटकली नाही. बहीण माशीकडे पाहत नव्हती.

बहिणीने पाण्याच्या रिकाम्या बाटलीला भोकं पाडली, फाया आत टाकला आणि बाटली बागेच्या कुंपणाला टांगली. थोड्या वेळात ती आतून तपकिरी झाली. ते पाहत सगळ्यांनी शिरा खाल्ला. मी ताटली तशीच ठेवली. मुलाची आई खाता खाता सांगत होती, त्यांच्या क्वार्टरमागेही पेरू आहे, फळ कापलं की आत अळ्या वळवळतात.

"मग फेकून देता?" काकूंनी विचारलं.

"फेकायचं कशाला? तेवढा भाग काढायचा आणि खायचा."

मी उठून गाडीपाशी गेलो.

दोन दिवसांनी फोनवर होकार आला. फोन बहिणीनेच घेतला, कारण मुलाच्या आईला दुसरंही काम होतं: सापळ्याची शिशी कुठे मिळते आणि बाटलीला भोकं किती मोठी पाडायची. बहिणीने सगळं नीट सांगितलं. मग तिने कठड्यावरचे वाळलेले फाये चिमट्याने खरवडून काढले. तिची शिशी आता कुलपात असते. काकांनी पुन्हा आपलं जुनं अत्तर काढलं आहे.

साखरपुड्याला पाहुण्यांनी त्यांच्या झाडाचे पेरू आणले होते. काकांनी फोडी करून मीठ-तिखट लावलं आणि ताटली माझ्यापुढे धरली. कानात ताजा फाया होता. मी फोड उलटसुलट करून पाहिली आणि परत ठेवली.

"खा रे," काका म्हणाले, "आता व्याह्यांकडचे आहेत."

त्यांनी स्वतः तीन फोडी एकदम तोंडात टाकल्या. न बघता.